माईंचं गाणं, ताईंचं गाणं: घराण्याचा वारसा म्हणजे नेमकं काय?

मोठ्या गवयाच्या मुलाचा किंवा मुलीचा कार्यक्रम संपला, की बाहेर चहाच्या टपरीपाशी हमखास दोन वाक्यं ऐकू येतात. एक, ‘अगदी वडिलांची आठवण करून दिली हो.’ आणि दुसरं, ‘पण वडिलांची सर नाही.’ पुष्कळदा दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडची असतात. सारखं गायलं तर नक्कल आणि वेगळं गायलं तर वारसा बुडवला, मग त्या गाणाऱ्याने करायचं तरी काय?

हा गुंता समजून घ्यायला मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर या मायलेकींइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही. आई गानतपस्विनी, मुलगी गानसरस्वती; आई सगळ्यांच्या माई, मुलगी ताई. आईला १९७४ साली पद्मभूषण मिळालं, मुलीला १९८७ साली तेच आणि पुढे २००२ मध्ये पद्मविभूषणही. घराणं दोघींचं एकच, जयपूर-अत्रौली. मुलगी आईच्याच पुढ्यात बसून शिकली. असं असूनही दोघींची ध्वनिमुद्रणं पाठोपाठ लावली, तर नवख्या माणसाला या दोघी एका घरातल्या आहेत हे सांगूनही पटणार नाही. माईंचं गाणं ठाम, आटोपशीर, लयीला घट्ट बिलगलेलं. ताईंचं गाणं संथ, एकेका सुरापाशी रेंगाळणारं, मधेच व्याकूळ होणारं. मग मुलीकडे आलं ते काय?

उत्तर द्यायचं तर आधी घराणं या शब्दाची थोडी फोड करावी लागेल.

घराणं म्हणजे कुळ नव्हे. स्वयंपाकाचं उदाहरण घ्या. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं आहेत, तूरडाळ एकाच दुकानातली, चिंच-गूळही तेच, आणि तरी दोन्हीकडची आमटी वेगळी लागते. फोडणीत काय आधी पडतं, डाळ किती घोटायची, उकळी किती वेळ द्यायची, हे त्या त्या घरात ठरलेलं असतं. कुणी लिहून ठेवलेलं नसतं, पण बदललं तर पहिल्या घासाला कळतं. गाण्याच्या घराण्यातही राग, ताल सगळ्यांचे तेच. फरक असतो तो आवाज कसा लावायचा, लयीशी कसं वागायचं, कोणते राग पुढे ठेवायचे, ताना कशा वळवायच्या यात. काय गायचं नाही, हेही घराणं शिकवतं. किंबहुना तेच जास्त शिकवतं.

जयपूर-अत्रौली गायकीला आज जे रूप आहे ते अल्लादिया खाँसाहेबांनी दिलं. जन्म १८५५चा, मृत्यू १९४६ साली मुंबईत. मधली कित्येक वर्षं ते कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी होते. त्यांच्याविषयीची एक हकीकत गवयांच्या तीन पिढ्यांनी सांगितलेली आहे. तरुणपणी अमलेटा संस्थानात त्यांना दिवसचे दिवस गावं लागलं आणि आवाज बसला. पुष्कळ काळ तो परत आला नाही. आला तो बदलून, जड होऊन. पूर्वीसारखं गाणं त्या गळ्यातून निघेना. मग खाँसाहेबांनी त्या नव्या गळ्याला जमेल, शोभेल अशी गायकी नव्याने बांधली. म्हणजे ज्या गायकीचा ‘शुद्ध वारसा’ जपावा म्हणून पुढे लोक हमरीतुमरीवर आले, ती मुळात बिघडलेल्या गळ्यावरचा तोडगा होती. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण पुढे तीच पुन्हा येणार आहे.

या गायकीत आहे काय, ते शक्य तितकं सोपं करून सांगतो.

पहिली गोष्ट लय. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा. काही घराण्यांत मात्रा इतक्या दूर दूर ठेवतात की गवई मधल्या मोकळ्या जागेत तरंगत राहतो आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ आली की खाली उतरतो. जयपूरमध्ये लय फार पसरत नाही आणि आलाप, म्हणजे रागाची सावकाश मांडणी, तीसुद्धा मात्रेच्या अंगाने चालते. प्रत्येक मात्रेचा कण वापरला जातो, पण ठोका मोजल्याचा भास कुठेच होत नाही. अंधारात स्वतःच्या घराचा जिना उतरणारा माणूस पायऱ्या मोजत नाही, तरी शेवटच्या पायरीवर अडखळत नाही, तशी यांची सम येते. मोगूबाईंची लयीवरची हुकमत हा तर जाणकारांचा खास कौतुकाचा विषय.

दुसरी गोष्ट तान, म्हणजे स्वरांची जलद लड. सरळ चढली आणि सरळ उतरली अशी तान इथे बाळबोध समजतात. रागाच्या चालीत जी वळणं आहेत ती वेगातही सांभाळायची, एका पेचातून दुसरा पेच काढायचा, असा हा कारभार. ऐकणाऱ्याला वाटतं साखळी संपली, तेवढ्यात आणखी एक कडी लागलेली असते. हे सगळं बहुतांशी आकारात, म्हणजे मोकळ्या ‘आ’मध्ये.

तिसरी गोष्ट रागांचा साठा. अनवट (क्वचित गायले जाणारे) आणि जोड (दोन रागांच्या मिश्रणाचे) राग हा या घराण्याचा दागिना. एक नमुना सांगतो. मालकंस रागात रिषभ आणि पंचम हे दोन स्वर घेतच नाहीत. जयपूरवाले जो ‘संपूर्ण मालकंस’ गातात, त्यात हे दोन्ही स्वर येतात आणि तरी राग मालकंसच वाटला पाहिजे. भाजीत गूळ तर घालायचा, पण ती गोड झाली असं कुणी म्हणता कामा नये. बसंती केदार, सावनी, बिहागडा, रायसा कानडा, खट अशी मोठी यादी आहे. हे राग पुस्तकात वाचून गाता येत नाहीत. कुठला स्वर कुठून चोरपावलांनी आत येतो, ते कुणीतरी समोर बसवून दाखवावं लागतं.

आता हा ठेवा खाँसाहेबांच्या मुलांकडे राहिला असेल असं कुणालाही वाटेल. काही अंशी राहिलाही. पण मंजी खाँ यांनी वडिलांच्या गायकीला आपलं वेगळं वळण दिलं आणि १९३७ साली, वडील हयात असतानाच, ते गेले. भुर्जी खाँ १९५० साली गेले. त्या दोघांनी शिकवलेल्या धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायकीची एक धार पुढे नेली. दुसरी, तितकीच मोठी धार गोव्यातल्या दोन बायकांनी नेली. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई. उत्तरेतल्या एका मुसलमान उस्तादाची विद्या कोल्हापूर-मुंबईमार्गे गोव्याच्या कलावंत घराण्यांतल्या मुलींच्या गळ्यात जाऊन बसली. रक्ताचा वारस म्हणजेच विद्येचा वारस, हे समीकरण इथेच ढिलं होतं.

कलावंत घराण्यांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. देवळाच्या सेवेशी जोडलेल्या या समाजात गाणं-नाचणं आईकडून मुलीकडे येई. घर बायकांच्या नावाने चाले. गाण्याला वाहवा मिळे, पण गाणारीला मानाचा पाट मिळत नसे. त्यामुळे इथे ‘आईचा वारसा’ म्हटलं की त्यात सुरांबरोबर सोसलेलंही येतं.

मोगूबाईंचा जन्म १९०४ सालचा. सांगे तालुक्यातलं कुर्डी आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी ओसरलं की गावाच्या जुन्या खुणा उघड्या पडतात आणि विस्थापित गावकरी देवाच्या उत्सवासाठी तिथे जमतात. आईने लहानग्या मोगूला नाटक कंपनीत घातलं आणि मुलगी दहा वर्षांची असतानाच ती आई गेली. पुढे सांगलीत असताना तिचा रियाज रस्त्यावरून जाणाऱ्या एका वयस्क खाँसाहेबांच्या कानावर पडला आणि त्यांनी आपणहून शिकवायला सुरुवात केली. ते अल्लादिया खाँ आहेत, हे त्या मुलीला नंतर कळलं, असं सांगतात.

इथून पुढे गोष्ट सरळ गेली असती तर मजा नव्हती. खाँसाहेब मुंबईला गेले, मोगूबाई मागोमाग गेल्या, पण तालीम बंद पडली. त्या काळी शिकवणं ही उस्तादाची रोजीरोटी. पैसेवाल्याचा आधार असलेली शिष्या ‘दुसरीला शिकवायचं नाही’ अशी अट घालू शकत असे, आणि केसरबाईंच्या बाबतीत असंच काही झाल्याचं बोललं जातं. मोगूबाई आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, मग खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या. १९३४ साली अखेर त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा रीतसर गंडा बांधला. गंडा म्हणजे उस्तादाने शिष्याच्या मनगटावर बांधलेला दोरा. दोरा साधाच, पण त्याने दोन्ही बाजू बांधल्या जातात. उस्ताद हातचं राखून शिकवणार नाही आणि शिष्य दुसऱ्या दारात जाणार नाही. ती तालीम खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत चालली.

आता त्या माउलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एकेक चीज, म्हणजे बंदिश, मिळवायला जिला पंधरा-पंधरा वर्षं दारं ठोठवावी लागली, ती मुलीला कशी शिकवेल? ‘घे बाळ, सगळं तुझंच आहे’ असं म्हणून की मोजून मापून?

किशोरीताईंनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे की माई स्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, दोनदा म्हणायच्या, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात उचलायचं. आजच्या शिक्षणशास्त्राला हे क्रूर वाटेल, आणि थोडं ते होतंही. पण त्यामागची यंत्रणा बघा. हातात वही नाही, टेपरेकॉर्डर नाही. शंभरदा ऐकायला मिळणार हे ठाऊक असलं की कान सैलावतात. दोनदाच मिळणार म्हटलं की पहिल्या खेपेला नुसते स्वर टिपून भागत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज कुठल्या वाटेने गेला, श्वास कुठे घेतला, शब्द कुठे दाबला, मात्रा किती खाल्ली, हे सगळं एकदम आत घ्यावं लागतं. लिहून घेतलेल्या स्वरलिपीत नेमका हाच ‘मधला’ भाग गळतो. नोटेशनमध्ये ‘ग’नंतर ‘प’ दिसतो, त्या दोहोंमधला प्रवास दिसत नाही. आणि गायकी म्हणतात ती त्या प्रवासालाच.

दुसरी शाळा म्हणजे मैफलीत आईच्या मागे तानपुरा घेऊन बसणं. बाहेरच्याला वाटतं ही नुसती साथ. पण मागे बसलेल्याला पुढच्याच्या पाठीवरून कळत असतं, आता श्वास भरला, आता तान येणार, आता बाई थकल्या. मधेच खूण झाली की आपण सूर भरायचा, तोही पुढच्याचं चित्र न बिघडवता. मोठ्या कलावंताच्या मुलांना इतरांपेक्षा जास्त काही मिळत असेल तर ते हे. तालमीचा तास सगळ्या शिष्यांना सारखाच, पण सकाळी सहाला स्वयंपाकघरातून येणारी गुणगुण, गाणं बिघडलं त्या रात्रीची चिडचिड, ‘आज भीमपलास नीट लागला नाही’ हे जेवताना निघालेलं वाक्य, हे फक्त घरातल्याला. वडील लवकर गेल्यामुळे त्या घरात आई हीच कमावणारी, तीच शिस्त लावणारी आणि तीच गुरू. सवलत कुठल्याच बाजूने नव्हती.

आणि तरीही माईंनी मुलीला आपल्यापुरतं बांधून ठेवलं नाही. मला या सगळ्या कहाणीत हे सर्वांत मोठं वाटतं. आग्रा घराण्याच्या अन्वर हुसेन खाँ यांच्याकडे किशोरीताई शिकल्या. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडून त्यांना मींड मिळाली. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर पायरीने न जाता घसरगुंडीने जाणं, तेही इतकं सावकाश की मधली प्रत्येक बारीक जागा कानाला स्पर्श करून जाते. किशोरीताईंच्या गाण्यातली ती व्याकुळता आठवते ना, तिचं तांत्रिक नाव बऱ्याच अंशी मींड. म्हणजे मुलीच्या गाण्यातलं जे आईसारखं नाही असं लोक म्हणतात, त्यातलं बरंचसं आईनेच दुसऱ्या दारातून आणू दिलेलं आहे.

मग ती घटना घडली. ऐन पंचविशीच्या आसपास किशोरीताईंचा आवाज गेला. दीर्घ काळ गाता येईना. आयुर्वेदिक उपचारांनी तो परत आला, असं त्या सांगत. गळा बंद होता त्या काळात गाणं डोक्यात चालू राहिलं. ऐकणं, वाचणं, रागाविषयी विचार करणं. खाँसाहेबांची अमलेट्याची हकीकत आठवा. घराण्याच्या मूळ पुरुषाने आवाज हरवल्यावर जे केलं, तेच घराण्याच्या या लेकीने केलं. नवा विचार घेऊन नव्याने बांधणी. जी माणसं म्हणाली की किशोरीबाईंनी जयपूर सोडलं, त्यांना मला नेहमी विचारावंसं वाटतं, जयपूर म्हणजे खाँसाहेबांनी बांधलेली इमारत की बांधायची त्यांची हिंमत?

बदललं काय, ते भूप रागावरून बघू. भूपात स्वर पाच: सा, रे, ग, प, ध. शाळेतल्या पेटीच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवतात. नेमके हेच पाच स्वर देसकारातही आहेत. फरक एवढा की भूप गंधारावर (ग) विसावतो, देसकार धैवतावर (ध). जयपूर घराण्यात अवघड, गुंतागुंतीच्या रागांनी मान मिळवायची रीत, आणि किशोरीताईंची घराघरांत पोचलेली ध्वनिमुद्रिका मात्र या बाळबोध भूपाची. ‘सहेला रे’ त्यातलीच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की स्वर म्हणजे पेटीची पट्टी नव्हे. भूपातला गंधार हा भूपाचाच, त्याच्या आजूबाजूला कोण उभं आहे त्यावर त्याची उंची आणि रंग केसभर हलतो. तो नेमका सापडला की रागाचं वातावरण आपोआप उभं राहतं. रागाला भाव असतो आणि गाणाऱ्याचं काम त्या भावापर्यंत पोचण्याचं आहे, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला, त्यावर ‘स्वरार्थरमणी’ हा ग्रंथ लिहिला.

असा शोध घ्यायचा तर वेळ हवा. म्हणून लय आणखी संथ झाली, आलाप लांबला, हातात स्वरमंडल हे तारवाद्य आलं. ‘मला घराणं मान्य नाही, संगीत एकच आहे’ या अर्थाचं त्या जाहीरपणे बोलू लागल्या तेव्हा जुनी मंडळी बिथरलीच.

एक कारण मात्र भावाचं नाही, तंत्राचं आहे, आणि त्याकडे रसिकांचं दुर्लक्ष होतं. माईंची पिढी घडली ती मायक्रोफोनशिवायच्या दिवाणखान्यात आणि ७८ आरपीएमच्या तबकडीवर. दिवाणखान्यात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर तो खुला आणि भरीव हवा. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात राग, चीज, ताना सगळं आटपायचं. ताईंच्या वाट्याला चांगला माइक आला आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावणारी एलपी आली. कुजबुजल्यासारखा लावलेला गंधारही आता शेवटच्या रांगेत ऐकू जाणार होता. मुलगी आईपेक्षा वेगळी गायली, त्यात तिचा स्वभाव किती आणि साउंड सिस्टिम किती, याचा हिशोब कुणी मांडलेला मी पाहिलेला नाही.

दोघींत तेढ आली नाही असं नाही. १९६४ साली किशोरीताई हिंदी चित्रपटासाठी गायल्या, तेव्हा माई कडाडल्या. हे करायचं असेल तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं, ही हकीकत ताईंनीच सांगितलेली आहे. नाटक कंपनीतून वर आलेली बाई सिनेमाच्या गाण्याला इतकी का चिडावी? माझा अंदाज असा, ज्या प्रतिष्ठेसाठी तिने उभा जन्म घालवला होता, ती मुलीने एका तबकडीत उधळू नये. मुलगी त्या वाटेवरून मागे फिरली, पण पुरती वळली नाही. पुढे १९९० साली ‘दृष्टी’ या चित्रपटाला तिने संगीत दिलं. तोवर तिला परवानगी लागत नव्हती.

प्रतिष्ठेचा विषय निघालाच आहे तर किशोरीताईंच्या रागाविषयी. कार्यक्रम उशिरा सुरू करणं, श्रोत्यांची कुजबुज झाली की गाणं थांबवणं, आयोजकांना धारेवर धरणं. ‘फार गर्विष्ठ’ हे ऐकतच आमची पिढी मोठी झाली. त्यावर त्या एकच सांगत. आईबरोबर दौऱ्यावर जायचे तेव्हा आयोजक तिला कसं वागवत, कुठे उतरवत, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तेव्हाच ठरवलं की माझ्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही. आईने सोसलेल्या प्रत्येक अपमानाची परतफेड मुलीने पुढच्या पिढीच्या आयोजकांकडून करून घेतली म्हणा ना. त्यातल्या काहींचा बिचाऱ्यांचा काहीच दोष नसेल. पण आज एखादी गायिका मानधन, प्रवास, मुक्काम यांबद्दल न लाजता बोलते, त्यामागे हा राग उभा आहे. रागसंगीतात याही रागाची नोंद हवी.

मग शिल्लक काय राहिलं आईचं? ताईंच्या एखाद्या मोठ्या ध्वनिमुद्रणाचा शेवटचा, द्रुताचा म्हणजे जलद लयीचा भाग ऐका. आलापातली रेंगाळणारी बाई तिथे दिसेनाशी होते आणि ताना सुरू होतात, वळणावळणाच्या, पेचदार, एकीतून दुसरी निघणाऱ्या. तिथे एकदम माई ऐकू येतात आणि त्यांच्या मागे कोल्हापूरचे खाँसाहेब. रागाच्या बाहेर एक पाऊल पडत नाही, टाळीसाठी काही केलेलं सापडत नाही. आमटी वेगळी झाली, पण फोडणीत काय आधी पडायचं ते ठरलेलंच राहिलं.

पुढच्या पिढीकडे पाहिलं तर गुंता आणखी छान होतो. अरुण द्रविड आधी माईंकडे शिकले, मग ताईंकडे. दोन्ही गाणी एकाच गळ्यात कशी नांदतात ते त्यांच्याकडे ऐकावं. माणिक भिडे ताईंच्या शिष्या आणि माणिकबाईंच्या कन्या अश्विनी भिडे-देशपांडे. म्हणजे एका मायलेकीची विद्या दुसऱ्या मायलेकीत उतरली, आणि अश्विनीताईंचं गाणं पुन्हा तिसरंच. रघुनंदन पणशीकर तर नटवर्य प्रभाकर पणशीकरांचे चिरंजीव. घरचा वारसा नाटकाचा, घेतला तो गाण्याचा. किशोरीताईंची नात तेजश्री आमोणकर गाते. केसरबाईंकडे मात्र चित्र वेगळं. त्यांनी शिष्या जवळजवळ केल्याच नाहीत. धोंडूताई कुलकर्णींना काय ते मिळालं. केसरबाईंचा भैरवीतला आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेला, पण पृथ्वीवर त्यांच्यासारखं गाणारं मागे फारसं कुणी उरलं नाही. कुणाला यात अहंकार दिसतो, कुणाला कडक निवड. मला दोन्ही दिसतात.

हे वाचून ऐकावंसं वाटलं तर क्रम असा ठेवा. आधी माईंचं एखादं छोटं ध्वनिमुद्रण, नुसतं लयीकडे कान देऊन. आवाज जुना, खरखर असेल, चालवून घ्या. मांडीवर तीनतालाचे ठोके धरा आणि सम कुठे येते ते बघा. मग ताईंचा भूप, पण पहिल्या वेळी फक्त गंधार मोजत. किती वेळा येतो, आणि दोन वेळा सारखा येतो का? नंतर रात्री उशिरा जयपूरच्या कुणाही गवयाचा संपूर्ण मालकंस लावा आणि त्यातला रिषभ कुठून आत शिरतो ते पकडायला बसा. पहिल्या खेपेला सुटेल. दुसऱ्या खेपेलाही सुटला तर मागे सरकवून पुन्हा लावा. माईंपुढे बसलेल्या मुलीकडे ते बटण नव्हतं.